हौसाबाईंचा खुलासा

केरबा शिरसाटांच्या हृदयाकडे जाणाऱ्या डाव्या धमनीत सारवणाचं काम हौसाबाई बेचाळीस वर्षं करत होत्या. या काळात त्यांना कुणी चहा विचारला नाही. परवा मात्र तपासणीच्या कागदावर छापून आलं, 'आतलं अस्तर जाड, वाट सत्तर टक्के बंद', आणि डॉक्टर बोधनकरांनी लगेच त्यांना खुलाशाला बाहेर बोलावलं.

हौसाबाई पाटी आणि पोतेरं घेऊनच आल्या नि केरबांशेजारच्या खुर्चीत बसल्या.

"आजी, हे थर तुम्हीच चढवलेत?"

"मीच. मग भिंत उघडी ठेवायची होती?"

"तसं नाही. पण इतके?"

"ओरखडे मोजा, म्हणजे थर मोजल्यासारखंच आहे. हा विडी ओढतो, भिंत सोलवटते. ह्याचा दाब चढतो, वळणावरचं सारवण वाहून जातं. मी पुन्हा हात फिरवते. जाड कोण करतंय, सारवणारी की सोलणारा?"

केरबा पंख्याकडे बघत होते.

"आधीचं खरवडून मग सारवायचं," डॉक्टर म्हणाले.

"खरवडलं की पोपडा सुटतो, वाहत जातो आणि पुढच्या अरुंद जागी अडकतो. मग हृदय बसतं वाट बघत. तुमच्या पुस्तकात नाही का हे?"

"आहे," डॉक्टर म्हणाले.

"मग विचारता कशाला? भिंतीत चरबी मुरायला लागली तेव्हा मी उचलायला माणसं मागितली. आली. पांढरी, टापटीप. उचलायचं सोडून खात बसली, फुगली, तिथंच मेली. न्यायला कुणी आलं नाही. त्यांच्यावरनंच सारवलं मी. बरं नाही वाटलं, पण सारवलं."

"मावशी, मला निरोप तरी द्यायचा," केरबा हळूच म्हणाले.

"दिला की. श्रावणात जिना चढताना छाती कुणी दाबली तुझी? तू ओवा खाल्लास."

केरबांना ओवा आठवला. बरंही वाटलं होतं.

डॉक्टरांनी घसा साफ केला. "आता स्प्रिंग बसवू. वाट मोकळी होईल."

"आणि स्प्रिंगवर सारवण?"

डॉक्टरांनी फाईल चाळली. "ते तुम्हालाच करावं लागेल. पातळ."

"मी पातळच करते. ह्याला विचारा."

केरबांनी विड्यांचं बंडल टेबलावर ठेवलं. हौसाबाईंनी त्याकडे पाहिलंही नाही.

"काडेपेटी."

काडेपेटी आली.

"आता दुसऱ्या खिशातलं."

दुसरं बंडलही आलं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'हयगयीबाबत खुलासा मान्य.' हौसाबाईंनी ते मोठ्यानं वाचायला लावलं, 'हयगयीबाबत' खोडायला लावलं आणि त्याशेजारी डॉक्टरांची सही घेतली. मग त्या उठल्या.

पूर्वी डोक्यावर पाटी घेऊन त्या सरळ आत जात. आज पाटी केरबांच्या मांडीवर ठेवावी लागली. पदर खोचून, अंग चोरून, त्या कुशीवर आत शिरल्या.

"धरून बस," छातीतून आवाज आला. "हात बाहेर काढला की द्यायची. आणि श्वास रोखू नकोस, मला अडचण होते."

केरबा दोन्ही हातांनी पाटी धरून बसले. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.