डॉक्टरांचं विशेषण

वाचनालयाच्या नव्या अभ्यासिकेचं उद्घाटन दहा दिवसांवर आलं होतं आणि ग्रंथपालबाई इंग्रजी शब्दकोश उघडून बसल्या होत्या. निमंत्रणपत्रिकेवर पाच मान्यवरांची नावं जायची होती. पत्रिका इंग्रजीत हवी, हा अध्यक्षांचा हुकूम. इंग्रजी पत्रिका दिली की माणसं वेळेवर येतात, असा त्यांचा अनुभव होता.

"आणि बाई, प्रत्येक नावाआधी एकेक भारदस्त शब्द टाका," अध्यक्ष म्हणाले होते. "मात्र एकच शब्द दोघांना नको. आणि कुणाचा शब्द कुणापेक्षा हलकाही नको."

"म्हणजे वेगळे, पण सारखे," बाईंनी खात्री करून घेतली.

"बरोबर. आलं तुमच्या लक्षात."

बाईंच्या लक्षात एवढंच आलं होतं, की हे काम अवघड आहे.

महिन्याभराने त्या निवृत्त होणार होत्या. या अभ्यासिकेसाठी त्यांनी अकरा वर्षं अर्ज खरडले होते. जिन्याच्या पायऱ्यांवर बसून अभ्यास करणारी मुलं त्यांना रोज ओलांडून जावी लागत. जाण्याआधी ती मुलं खुर्चीवर बसलेली पाहायची, एवढीच त्यांची इच्छा होती. अभ्यासिका उभी राहिली ती या पाच जणांच्या मदतीने, त्यामुळे पाचातला एकही दुखावून चालणार नव्हतं.

निवृत्त न्यायाधीशांना त्यांनी 'एमिनंट' दिलं. मुख्याध्यापिकांना 'डिस्टिंग्विश्ड', बिल्डरना 'प्रॉमिनंट', कारखानदारांना 'रिनाउन्ड'. राहता राहिले दातांचे डॉक्टर. 'सेलिब्रेटेड' हा शब्द बाईंना वाढदिवसाचा वाटला. 'इलस्ट्रियस' छापखान्यातून दोनदा दोन वेगळ्या चुका घेऊन परत आला. शेवटी त्यांनी 'रिस्पेक्टेबल' लिहिलं. डॉक्टरांबद्दल त्यांना मनापासून आदर होता, आणि शब्दात तो स्पष्ट दिसतही होता.

तीनशे पत्रिका छापून वाटल्या गेल्या. पुढे जे झालं ते डॉक्टरांच्या दवाखान्यात झालं.

अध्यक्षांच्या एका दाढेचं रूट कॅनाल अर्ध्यावर आलं होतं. त्या सकाळी ते खुर्चीत आडवे होते. तोंडात कापसाचे दोन बोळे, ओठात अडकवलेली नळी.

"साहेब, रिस्पेक्टेबल म्हणजे काय हो?" डॉक्टरांनी शांतपणे विचारलं.

"आं," अध्यक्ष म्हणाले.

"आमची सून कॉलेजात इंग्रजी शिकवते. ती म्हणाली, बाबा, रिस्पेक्टेबल म्हणजे बरा माणूस. पोलिसात नाव नसलेला. शेजारी राहायला आला तर चालेल असा."

"आं, आं," अध्यक्ष मान हलवू लागले.

"हलू नका. न्यायाधीश एमिनंट आणि मी चालेल असा. नाही, माझी काही तक्रार नाही." डॉक्टरांनी दाढेवर तात्पुरता लेप बसवला आणि हातमोजे काढले. "पुढचं आता कार्यक्रमानंतर बघू."

अध्यक्ष गालावर हात ठेवून थेट वाचनालयात आले.

"बाई, डॉक्टरांना एमिनंट करा."

"ते न्यायाधीशांना दिलंय."

"मग न्यायाधीशांना दुसरं द्या. ते समजूतदार आहेत. आणि त्यांच्या हातात माझी दाढ नाही."

वाटलेल्या पत्रिका परत आणता येणार नव्हत्या. बाईंनी छापखान्यातून बारीक पांढऱ्या पट्ट्या छापून घेतल्या आणि शिपायाला बरोबर घेऊन घरोघर हिंडून पत्रिकांवर चिकटवल्या. डॉक्टर एमिनंट झाले. न्यायाधीश नाइलाजाने इलस्ट्रियस झाले, आणि या वेळी छापखान्याने स्पेलिंग बरोबर छापलं.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीश स्वतः आले. बाईंच्या टेबलासमोर बसले, पत्रिका ठेवली, चष्मा काढला.

"पट्टीखाली काय आहे ते मी नखाने पाहिलं," ते म्हणाले. "मी दोन दिवस एमिनंट होतो. मग तो शब्द काढून डॉक्टरांना दिला. आता मला असं विचारायचंय, की या दोन दिवसांत माझ्या हातून काय घडलं?"

"साहेब, नवा शब्द जास्त मोठा आहे," बाई म्हणाल्या.

"असेल. पण माणसाला आधी दिलेलं काढून घ्यायचं, तर त्याचं म्हणणं ऐकून घेतात. पस्तीस वर्षं मी तेच केलं."

न्यायाधीश बाहेर पडले आणि फाटकात त्यांना बिल्डर भेटले. नवा शब्द जास्त मोठा आहे हे त्यांनी बिल्डरना सांगितलं असावं, कारण पाच मिनिटांत बिल्डर आत आले.

"मला इंग्रजी येत नाही, पण मोजता येतं," ते म्हणाले. "न्यायाधीशांची अकरा अक्षरं. मुख्याध्यापिकाबाईंची तेरा. माझी नऊ. भिंती मी बांधल्या, बाई."

"लांबीवर काही नसतं हो."

"मग घ्या ना कमी करून त्यांची." ते उठले. "अभ्यासिकेच्या किल्ल्या अजून माझ्याकडेच आहेत. कार्यक्रमाला यायला जमलं, तर आणतो."

त्या संध्याकाळी बाईंनी घरी पानावर बसून नवऱ्याला सगळं सांगितलं. ते आयुष्यभर पोस्टात होते आणि पत्ता सोडून इतर मजकूर वाचायची त्यांना सवय नव्हती.

"नुसती नावं घाल की," ते म्हणाले. "नावावर पत्र पोचतं."

अध्यक्षांचा गाल तोवर सुजला होता आणि वाद घालण्याची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. पुन्हा पट्ट्या लागल्या, या वेळी कोऱ्या. पाचही जण साधे झाले. मग पाचही जणांनी फोन उचलणं बंद केलं.

उद्घाटनाच्या सकाळी बाई दोन तास आधी येऊन बंद दारासमोर उभ्या राहिल्या. कुणी येईल असं त्यांना वाटत नव्हतं. पण आले, पाचही जण आले. भाषणात कुणाला काय म्हणतात हे प्रत्येकाला ऐकायचं होतं. मांडवात ते एकमेकांत एकेक खुर्ची मोकळी सोडून बसले. किल्ल्या बिल्डरच्या खिशात होत्या.

अध्यक्षांना तोंड उघडता येत नव्हतं. त्यांनी भाषणाचा कागद बाईंच्या हातात दिला. बाईंनी माइकपुढे जाऊन तो वाचायला घेतला आणि पहिल्याच ओळीत त्यांना सात विशेषणं दिसली. त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

"मला इंग्रजी नीट येत नाही, हे तुम्हाला कळलंच आहे," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक आहे तेवढं सांगते. न्यायाधीशसाहेब दर मंगळवारी येतात आणि फाटकी पुस्तकं चिकटवतात. आजवर चारशे झाली. मुख्याध्यापिकाबाईंनी बासष्ट मुलींच्या अर्जावर जामीन म्हणून सही केलीय, आणि त्यातल्या कुणीच पुस्तक बुडवलेलं नाही. कारखानदारसाहेबांकडे कामगारांना जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा तास वाचायला मिळतो, असा कारखाना मी दुसरा पाहिला नाही. या इमारतीला नकाशात चार खिडक्या होत्या. बिल्डरनी सहा काढल्या. मी का म्हणून विचारलं, तर म्हणाले, वाचणाऱ्याच्या डाव्या हाताला उजेड पाहिजे. आणि आपले डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यात आमची पुस्तकं असतात. दाढ दुखणारी माणसं वाचत बसतात आणि नंबर आला तरी उठत नाहीत. डॉक्टर पान संपेपर्यंत थांबतात."

मुख्याध्यापिकाबाई पदराशी चाळा करत राहिल्या. बिल्डर उठले, बाईंपाशी आले, किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातात दिला आणि परत जाऊन न्यायाधीशांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. दार बाईंनी उघडलं. पायऱ्यांवरची मुलं आत शिरली आणि सगळ्यात आधी खिडक्यांजवळच्या जागा भरल्या.

कार्यक्रम संपल्यावर डॉक्टरांनी अध्यक्षांचा गाल बाहेरूनच पाहिला आणि म्हणाले, "उद्या नऊला या." मग ते बाईंकडे वळले.

"बाई, आज माझ्याबद्दल बोललात ते मला लिहून द्याल? दवाखान्यात लावीन म्हणतो."

"देते की," बाईंनी पर्समधून पेन काढलं. "आत्ताच देते."

"फक्त एक करा," डॉक्टर हळूच म्हणाले. "इंग्रजीत द्या."

बाईंनी मान वर केली. डॉक्टरांच्या मागे न्यायाधीश उभे होते, त्यांच्या हातात कोरा कागद होता. त्यांच्यामागे बिल्डर होते आणि ते वाकून, कागद केवढा आहे ते पाहत होते.