केळीमागचा कवडा

बायकोचं ब्लडप्रेशर उतरलं आणि वागिमान यांचं चढलं.

जावातल्या योग्याकार्ताच्या त्या गल्लीत आरोग्यसेविका बू रेत्नो (तिकडे बाईंना 'बू' आणि पुरुषांना 'पाक' म्हणतात) दर महिन्याला सगळ्या म्हाताऱ्यांचे दंड आवळून प्रेशर मोजत. या खेपेला त्या वागिमान यांच्या बायकोला, तुकिनेमला, म्हणाल्या, "अगंबाई, चक्क उतरलंय! काय केलंस?"

"काही नाही हो. शेजारच्या पाक सुरोतोंचा कवडा घुमायला लागला की छाती कशी हलकी होते. सगळी चिडचिडच जाते."

वागिमान यांच्या अंगाची लाहीलाही झाली. एकतीस वर्षं संसार केला, पण त्यांच्या आवाजानं हिची चिडचिड कधी गेली नव्हती. (आली मात्र पुष्कळदा होती.) त्यांनी त्याच दिवशी पाखरांच्या बाजारातून कवडा आणला आणि परसात, सामाईक भिंतीलगतच्या केळीजवळ, सुरोतोंच्या पिंजऱ्याच्या बांबूपेक्षा वीतभर उंच बांबूवर पिंजरा चढवला.

कवडा आठ दिवस मुका! खायचा मात्र दोघांचं.

"नवखा आहे," पाखरंवाला म्हणाला. "रोज सकाळी तुम्हीच घुमा. ऐकून ऐकून तोंड उघडेल."

सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसानं चारचौघांत घुमायचं कसं? वागिमान केळीमागे उकिडवे बसून, गाल फुगवून घुमू लागले. कवडा वरून बघायचा आणि मान फिरवायचा.

पुढच्या महिन्यात बू रेत्नोंनी यंत्र दोनदा तपासलं. "एकशेवीस! तरण्या पोरीसारखं!"

तुकिनेम चक्क लाजली. "सुरोतोंनी दुसरा कवडा आणलाय वाटतं. भिंतीकडून आवाज येतो. काय घोगरा, भरदार आवाज! अंगावर काटा येतो. मी चहा घेऊन मागच्या दारात बसते नि डोळे आपोआप भरून येतात. नाहीतर आमचा! मुका तो मुका."

वागिमान आधी सुरोतोंवर जळले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण आपल्यावरच जळतोय. तरी जळणं काही थांबेना. श्रेय सुरोतोच नेत होते ना!

"तो कवडा मी आहे!" ते ओरडले.

अंगणातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या.

"काहीतरीच काय!" तुकिनेम म्हणाली.

वागिमान यांनी तिच्यासमोर बैठक मारली, गाल फुगवले, डोळे मिटले आणि ते जीव ओतून घुमले. एकतीस वर्षांचं सगळं प्रेम त्या घुमण्यात होतं. डोळे उघडले तेव्हा तुकिनेम टक लावून त्यांच्याकडेच बघत होती. दंडाला पट्टा तसाच होता.

"एकशे सत्तर!" बू रेत्नो किंचाळल्या.

"आवाज तोच आहे हो," तुकिनेम कपाळ चोळत म्हणाली, "पण तुम्ही दिसता ना!"

बू रेत्नोंनी तिच्या कार्डावर औषध लिहून दिलं: रोज सकाळी नवरा, केळीमागून.