बारा फुटांची गल्ली

आधीच माफी मागतो. आठवीनंतर माझा शाळेशी संबंध आला, तो शाळेच्या भिंतींना गिलावा करताना. त्यामुळे लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकणार आणि शब्दही साधेच येणार. भिंत असती तर सरळ करून दिली असती.

आम्ही नवरा-बायको एका खोलीत राहतो. शेगडी कॉटखाली असते. बायको स्वयंपाकाला बसली की मी दारात उभा राहतो. म्हणून छोटासा प्लॉट घेतला. घर अजून नव्हतं. मागची कुंपणभिंत आणि जमिनीवर चुन्याच्या फक्कीने मारलेल्या खोल्यांच्या रेघा, एवढंच. पण बायको रोज संध्याकाळी तिथे जाऊन रेघांच्या स्वयंपाकघरात उभी राहायची आणि नसलेल्या खिडकीतून बाहेर बघायची.

त्या खिडकीसमोरच नकाशेवाला. म्हणजे आमच्या घराचा नकाशा काढणारा माणूस. त्याचं ऑफिस मागच्या गल्लीपलीकडे. शर्ट कायम पांढरा. (माझाही पांढराच असतो, पण तो चुन्यामुळे.)

"वहिनी, नियमच आहे," तो नकाशा पसरून म्हणाला. "मागे पुरी बारा फुटांची गल्ली असली की नव्या घराचं गाडीचं गेट गल्लीतच. पुढच्या रस्त्यावर फक्त माणसांचं दार."

"आमच्याकडे गाडी नाही," मी म्हणालो. "हातगाडी आहे."

"तरी जागा दाखवावी लागते, भाऊ."

मग बायको हळूच त्याला काहीतरी म्हणाली आणि दोघंही हसली. (लग्नाला दोन वर्षं झाली, ती माझ्या विनोदाला कधी हसलेली नाही. मी विनोद केलेला नाही, ही गोष्ट वेगळी.)

गेट गल्लीत म्हणजे रोज त्याच्या खिडकीसमोर. मी तिथल्या तिथे ठरवलं, गेट पुढेच करायचं.

नियम बारा फुटांचा होता, म्हणून मी टेप लावली. त्याच्या भिंतीपासून आमच्या भिंतीपर्यंत बरोबर बारा. बोटभरही कमी नाही. दुसरा कोणी गप्प बसला असता. पण भिंत जाड करणं एवढंच तर मला येतं. रविवारी बायको माहेरी गेली आणि मी गल्लीच्या बाजूने, विटांचे तुकडे भरून, तीन इंच जाड गिलावा चढवला. इतकं देखणं काम मी मजुरीवर कधी केलं नव्हतं.

सोमवारी पालिकेचे साहेब आले. बायको होती, नकाशेवालाही होता. साहेबांनी गल्ली मोजली.

"अकरा फूट नऊ इंच."

"मग गेट पुढे करायचं?" मी विचारलं. आवाजात आनंद दिसू नये म्हणून खोकलो.

"करा की." साहेबांनी नियमांचं पान उलटलं. "फक्त गल्ली कमी भरली तर नव्या घराने तीन फूट आत सरकायचं. उद्या आग लागली तर बंब कुठून आणणार?"

आणि त्यांनी बुटाच्या टोकाने नवी रेघ ओढली. ती स्वयंपाकघरातून गेली. बायको आतच उभी होती. ती एक पाऊल मागे सरकली, मग आणखी एक, आणि न्हाणीघरात गेली.

"परवा मीच मोजली होती," नकाशेवाला म्हणाला. "बारा होती."

बायकोने बाहेर येऊन भिंतीवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

"अहो, हा हात तुमचा आहे," ती म्हणाली.

मी भिंतीकडे बघत राहिलो. (काम खरंच चांगलं होतं.)

साहेब लिहायला लागले, तेव्हा नकाशेवालाच पुढे झाला. "साहेब, गिलावा ओला आहे. चुकून जाड बसलाय. उद्या दहाला मोजा. बारा भरली नाही तर खुशाल तीन फूट लिहा."

साहेब "दहा म्हणजे दहा" म्हणून गेले.

"का केलंत हे?" बायकोने विचारलं.

"तुम्ही दोघं हसत होतात."

"तुमच्यावरच हसत होतो. हातगाडीवर शिडी आडवी टाकता आणि रोज दारात अडकता. मी यांना म्हटलं, गेट शिडीच्या लांबीएवढं करा. शिडी फिरवून घालायचं आमच्या माणसाला सुचायचं नाही."

नकाशेवाला जमिनीकडे बघत होता. सभ्य माणूस. त्यामुळे मला त्याचा जास्तच राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून मी छिन्नी-हातोडा घेऊन माझाच गिलावा फोडत होतो. वरचा थर एका रात्रीत दगड झाला होता. आपण जरा वाईट कारागीर असतो तर बरं झालं असतं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. बायको टेपचं एक टोक धरून होती. दुसरं टोक नकाशेवाल्याने त्याच्या भिंतीला धरलं होतं. साडेनऊला गल्ली पुन्हा बारा फूट झाली आणि स्वयंपाकघर जागेवर आलं.

बायकोने थर्मास उघडून दोन कप चहा भरला. मी हात पुसले. तिने एक कप गल्ली ओलांडून नकाशेवाल्याच्या खिडकीत नेऊन ठेवला आणि दुसरा आपल्या स्वयंपाकघरात उभी राहून सावकाश प्यायली.

मी टेप गुंडाळली आणि थर्मास हलवून पाहिला.