भाऊसाहेबांचा पिवळा मुलूख

कुरुंद्याचे आमचे तलाठी भाऊसाहेब राक्षसाचासुद्धा सातबारा काढायचे. थट्टा नाही, मी स्वतः पाहिलाय. गुहेचा गट नंबर, क्षेत्रफळ, आणि शेऱ्याच्या रकान्यात 'आग ओकतो'.

पुण्याचा पुतण्या एकदा सुट्टीत त्यांच्याकडे एक इंग्रजी पुस्तक विसरून गेला. पुस्तक खेळाचं, पण त्यात अख्खा कल्पनेतला देश. नकाशे, राजे, जादूगार. एकानं त्या देशातली गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, अडलं की फासे टाकायचे. भाऊसाहेबांनी डिक्शनरी घेऊन ते सगळं वाचलं आणि मान हलवली.

"देश चांगला हाय, पण नोंदी बराबर न्हाईत. या गावाला पाणी कुठून येते?"

मग त्यांनी स्वतःच एक देश लिहायला घेतला. पिवळा मुलूख. जाडजूड वह्या भरल्या. परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा पिवळ्या मुलखाचेही दोन जिल्हे झाले आणि निम्म्या जादूगारांच्या बदल्या झाल्या.

दर रविवारी दुपारी त्यांच्या ओसरीवर डाव बसायचा. मी दवाखान्यातला कंपाउंडर, खेळात तलवारबाज. शाळेतल्या वाघमारे बाई खेळात चेटकीण. बाई एकदा नदीवरून उडून जायला निघाल्या, तर भाऊसाहेब म्हणाले, "उडा की. पण अर्ज कुठं हाय?"

एका रविवारी राक्षस आमच्या मागं लागला. माझा तलवारबाज मरायला टेकलेला. दोन वर्षं जपलेला माणूस! नकाशावर एक बारकं गाव दिसलं, तिथं शिरलो आणि मी घाईनं फासे उचलले.

"ठेवा खाली," भाऊसाहेब म्हणाले. "या गावात फासे टाकायचे न्हाईत. राक्षस बी येत न्हाई इथं."

"काहून?"

त्यांनी वही तेवढी पुढं सरकवली. बाईंनी मोठ्यानं वाचलं, "घर एक. दारात पारिजातक. राहते सुमन. दमा नाही."

सुमनवहिनी म्हणजे भाऊसाहेबांची बायको. दम्यानं जाऊन सात वर्षं झाली होती.

मग बाईंनी हळूच विचारलं, "वहिनी आमाला च्या देतील का?"

भाऊसाहेब चष्मा पुसत हसले. "देईल की. बसा ना. घाई काय हाय?"

त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत आम्ही त्या गावातून हललोच नाही.