ग्रेगरीला कुणी बोलावलं नाही

माणसाने जन्माने नव्हे, समजून-उमजून धर्मात यावं, या तत्त्वापायी अमेरिकेत ओहायोला राहणाऱ्या, मोटार-वीज वर्ज्य मानणाऱ्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पूर्वजांनी युरोपात प्राण दिले. त्यामुळे आजही कुणी खरोखरच समजून-उमजून आला, की मंडळी चकित होते आणि विचारते, "तू कुणातला रे?"

ग्रेगरी पाव्लिक कुणातलाच नव्हता. क्लीव्हलंडमध्ये तो लिफ्ट दुरुस्त करायचा. मन:शांतीसाठी आमच्यात आला, मोटार विकून घोडा घेतला, दाढी राखली, मिशी काढली (उलट केल्यास चालत नाही), आमची जर्मन बोली शिकला, आणि घोडा अडला तरी तीत शिवी न देण्याइतका तयार झाला. रीतसर बाप्तिस्मा घेतला. याला अकरा वर्षं झाली. मंडळीत त्याला अजून प्रेमाने "तो नवीन" म्हणतात.

बाहेरची माणसं टिकवण्यात आमचा हात धरणारा कुणी नाही. निघून गेलेले मुळात आपले नव्हतेच, असा निर्वाळा बिशप एल्मर गिंगरिच यांनी दिला असल्यामुळे टिकण्याचं प्रमाण शंभर टक्के आहे. (शंभर टक्के म्हणजे ग्रेगरी.)

आमचा एक रविवार प्रार्थनेचा, दुसरा भेटीगाठींचा. भेटीच्या रविवारी ग्रेगरी धुतलेला सदरा घालून खिडकीत बसायचा. समोरून बग्ग्या जायच्या. माणसं हात हलवायची, तोही हलवायचा, आणि मग एकटाच उकडलेली अंडी खायचा. देव मिळाला होता, पण जेवायला सोबत नव्हती. शेवटी त्याचा जीव विटला. बहिणीकडे परत जायचं ठरवून तो बिशपांना सांगायला गेला.

बिशपांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी कारण विचारलं.

"इतक्या वर्षांत मला एकदाही कुणी जेवायला बोलावलं नाही," ग्रेगरी म्हणाला.

"अरे, बोलावतंय कोण? आपली माणसं सरळ येऊन पानावर बसतात. आम्हाला वाटलं, तुला आमच्या हातचं आवडत नाही."

ग्रेगरीला रडावं की हसावं कळेना. इतकं सोपं होतं तर. जाणं त्याने रद्द केलं.

पुढच्या भेटीच्या रविवारी तो शेजारच्या ऑर्फा श्लाबाख आजींकडे गेला. दार न वाजवता आत शिरला, टोपी खुंटीला अडकवली आणि बाकावर बसला. टेबलाभोवतीची सगळी नातवंडं-पतवंडं घास हातात धरून त्याच्याकडे बघू लागली. आजी मायाळू. त्यांनी ताट भरून शेवया वाढल्या, वर ॲपल पायचा मोठा तुकडा ठेवला, आणि तो जेवेपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "पोटभर खा हो. पण बाळा, पुढच्या वेळी आधी सांगून येत जा. रविवारी आमची घरचीच माणसं असतात ना."

ग्रेगरीने ॲपल पाय संपवला, आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी क्लीव्हलंडची बस धरली. घोडा बिशपांनी ठेवून घेतला. (तो दोन दिवसांत रुळला.)

ग्रेगरीबद्दल तुम्हाला हळहळ वाटली असेल, तर ते तुमच्या मनाचं मोठेपण. तुमच्या शेजारच्या फ्लॅटमध्येही नवं बिऱ्हाड येऊन वर्ष झालं. दारावरची पाटी वाचून ते कुणातले याचा अंदाज तुम्ही कधीच बांधलात. जिन्यात भेटले तेव्हा "या की एकदा घरी" असंही म्हणालात. ते अजून आलेले नाहीत. माणूसघाणे दिसतात.