शेवटच्या ग्रहाची तक्रार

विज्ञानभवनाच्या मुख्य दालनात सूर्यमाला टांगलेली होती. मधोमध सूर्य, म्हणजे पितळी पत्र्याआड दडवलेलं जबरदस्त विद्युतचुंबक; भोवती दोऱ्यांना लटकणारे लोखंडी ग्रह. बटण दाबलं की जवळचे ग्रह सूर्याकडे चांगलेच झुकत, लांबचे नुसते हलल्यासारखे करत. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कोणाची हरकत नव्हती.

मग एक गृहस्थ आले. ते गावाच्या पार टोकाला राहत. नळाचं पाणी तिथवर पोचेपर्यंत दम तोडायचं. शेवटचा ग्रह पाहून त्यांना गलबलून आलं. सूर्य सगळ्यांचा असताना हा दुजाभाव का, अशी त्यांनी रीतसर तक्रार केली.

ती अधीक्षकांच्या थेट काळजाला भिडली. तेही मुख्यालयापासून इतके लांब फेकले गेले होते की वरिष्ठांना त्यांचा चेहरासुद्धा आठवत नसे. त्यांनी माहिती सांगणाऱ्या बाईंकडे खुलासा मागितला. बाईंनी समजावलं की चुंबक आपलं दाखवण्यापुरतं, खरा नियम गुरुत्वाकर्षणाचा आहे. अंतर दुप्पट झालं की ओढ पाव उरते, तिप्पट झालं की नवमांश.

“नियम आहे म्हणजे अपवादाची तरतूद असेलच,” अधीक्षक म्हणाले.

बाई नाही म्हणाल्या. तरतूद नसणं ही अधीक्षकांना निसर्गाच्या मसुद्यातली त्रुटी वाटली आणि ती त्यांनी स्वतःच्या अधिकारात दूर केली. शेवटच्या ग्रहाला पहिल्याइतकी ओढ मिळेपर्यंत सूर्याचा जोर वाढवावा, असा आदेश निघाला.

जोर वाढला. पहिला ग्रह दोरी तोडून सूर्यावर आदळला आणि तिथेच चिकटला. कागदोपत्री तो ‘समाविष्ट’ झाला. पण त्यामुळे पहिल्याइतकी ओढ म्हणजे चिकटण्याइतकी ओढ, असा अर्थ निघू लागला. जोर आणखी वाढवणं भागच पडलं. बाईंनी बंद करायच्या बटणाकडे हात नेला, तेव्हा अधीक्षकांनी लेखी कारण मागितलं. ते लिहून होईपर्यंत उरलेले ग्रहही एकामागून एक जाऊन आदळले. शेवटचा सर्वांत वर चिकटला.

मुख्यालय खूश झालं. अंतर नाहीसं करून भेदभाव संपवल्याबद्दल अधीक्षकांना बढती मिळाली आणि संचालकांच्या शेजारची खोलीही. निघण्यापूर्वी त्यांनी गृहस्थांना मुद्दाम बोलावून तो गोळा दाखवला. गृहस्थांचे डोळे भरून आले.

“यातली पृथ्वी कुठली?” त्यांनी सहज विचारलं.

अधीक्षकांनी वाकून शोधलं. खालच्या बाजूला, दोन ग्रहांच्या मध्ये एक चपटा तुकडा होता.

“पण आपण राहतो ना तिच्यावर?”

“राहतो. मात्र तिच्या वतीने आपल्यापैकी कोणीच हरकत घेतली नव्हती.”

गृहस्थांना ते पटलं. समाधान झाल्याची सही करून ते घरी गेले.