एलरॉयची तिसरी मुलाखत

एलरॉय वाइयाची मुलाखत गुरुवारी दहाला होती, आणि ग्लेनिसने 'सर्वसमावेशक दिन'ही गुरुवारी दहालाच ठेवला. ऑस्ट्रेलियातल्या एका नगरपालिकेच्या गटार विभागात नऊ वर्षं काढलेला हा माणूस. मुकादमाच्या जागेसाठी त्याचा हा तिसरा अर्ज. पहिल्या मुलाखतीच्या वेळी त्याला माहितीपत्रकाच्या फोटोसाठी उभं केलं होतं. दुसऱ्या वेळी 'आमच्याकडे सगळ्यांना संधी' या विषयावर बोलायला सिडनीला धाडलं होतं. ही वरची साहेबमाणसं वाईट नसतात. वाईट असती तर बरं होतं, निदान भांडता तरी आलं असतं.

"मुलाखत अकराला घेऊ रे," ग्लेनिस म्हणाली. ती विभागाची प्रमुख, मुलाखतही तीच घेणार. "आधी मंचावर येऊन या भूमीवर सगळ्यांचं स्वागत कर. तुमच्यात, मूळ रहिवाशांत, असतं ना ते?"

"आमच्यात म्हणजे कुणात? माझं बेट इथून तीन हजार किलोमीटर उत्तरेला, टॉरेस सामुद्रधुनीत. हा मुलूख मर्ल आंटींच्या लोकांचा. स्वागत त्यांनी करायचं. मी केलं तर दुसऱ्याच्या घरात उभं राहून 'या, बसा' म्हटल्यासारखं होईल."

"अरे, एवढं कोण बघतंय?"

"मर्ल आंटी बघतात."

"पण पत्रिकेत तुझं नाव छापून झालंय!"

एलरॉयने बाहेर जाऊन आंटींना फोन लावला.

"माझ्या मुलखात स्वागत, आणि मलाच पत्ता नाही?" आंटी म्हणाल्या. "तू तोंड उघडू नकोस, बाळा. मी येते."

गुरुवारी पावणेदहाला आंटी आल्या, तर दारावरची मुलगी म्हणाली, "यादीत नाव नाही तुमचं."

"पोरी, तुझं हे टेबल माझ्या आजीच्या आजीच्या जमिनीवर आहे."

"असेल हो. पण ओळखपत्र?"

शेवटी एलरॉय धावत आला आणि त्याने सही करून त्यांची हमी घेतली. मग मुलीने आंटींच्या कोटावर एक चिठ्ठी चिकटवली: 'पाहुणे. सोबत कर्मचारी आवश्यक.' आंटींचा चेहरा बघून एलरॉय दोन पावलं मागे सरकला.

आंटी थेट मंचावर चढल्या. छातीवरची चिठ्ठी सोलून काढली आणि ग्लेनिसच्या जाकिटावर नीट दाबून बसवली. "हं. आता स्वागत करते." आणि केलंही, आपल्या भाषेत, शांतपणे. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात ग्लेनिसने. तेवढ्यावर थांबली असती तर ती ग्लेनिस कसली?

"याच आनंदात सांगते," ती माईकवर म्हणाली, "एलरॉय आजपासून आपला समावेश अधिकारी! यापुढे प्रत्येक मुलाखतीला तो बसेल. त्याच्या स्वतःच्या मुलाखतीची आता गरजच नाही!"

एलरॉय मंचावर चढून तिच्या शेजारी आला. "आणि मुकादम?"

"त्यासाठी बघू कुणीतरी अनुभवी."

नऊ वर्षांचा अनुभव तिच्या शेजारी उभा होता. त्याने तिच्या हातातून माईक घेतला. "प्रत्येक मुलाखतीला मी बसणार ना? मग मुकादमाची मुलाखत आत्ता, इथेच. उमेदवार मी. विचारा."

खाणाऱ्यांच्या तोंडातले लॅमिंग्टन केक तोंडातच राहिले. आंटींनी खुर्ची पुढे ओढली. "पहिला प्रश्न माझा. माझ्या गल्लीत तीन वर्षं पाणी तुंबतंय. का?"

एलरॉय सुटलाच. गटाराचा नळ किती अरुंद, चर्चच्या कोपऱ्यावर उतार कसा उलटा, चार माणसं लावून आठ दिवसांत तो कसा सरळ होईल. हातात कागद नव्हता. ग्लेनिस मात्र कागद शोधून लिहून घेऊ लागली.

"सोमवारपासून जागा तुझी," ती अखेर म्हणाली. मग आवाज खाली आणून, "पण हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तीनदा सांगितलंय, ग्लेनिस. अर्जात दुसरं काही लिहिलेलंच नाही."

"कुठल्या पानावर?"

"पहिल्या."